तसबिरीची पाठ

चौकट हातात आली की मी ती आधी उलटी करतो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी नि रविवारी ताडपत्र्या अंथरून बसणाऱ्यांपैकी दोघातिघांना माझी ही खोड आता ठाऊक झाली आहे. समोर लक्ष्मी असो, नाना फडणीस असोत, की कुणाच्या तरी घरातून बाहेर पडलेला पगडीवाला अनोळखी पणजोबा असो, मी पाठ बघतो. एक चाचा मला लांबूनच पाहून शेजारच्याला सांगतात, "आले पाठवाले साहेब." आणि भाव पन्नास रुपयांनी चढतो.

पुढची बाजू लोकांना दाखवायला केलेली असते. पाठीला कुणी नटवत नाही. फ्रेमवाल्याच्या हाताला त्या दिवशी जे लागलं ते तिथे ठोकलेलं असतं. देवदारी खोक्याची पातळ फळी, रॉकेलच्या डब्याचा कापून सरळ केलेला पत्रा, वहीचा पुठ्ठा, आणि फटी बुजवायला खळ लावून चिकटवलेलं वर्तमानपत्र. त्यावर किंमत आण्यांत असली तर कागद १९५७ च्या आधीचा. नवे पैसे त्या वर्षीच्या एप्रिलपासून आले. एका तसबिरीच्या पाठीला मला किराणा दुकानाच्या खतावणीचं पान मिळालं. गूळ, खोबरं, आणि खाली 'मागील बाकी'. पुढून दत्तगुरू होते. देव पाठीशी असतो असं आपण म्हणतो. इथे देवाच्याच पाठीशी कुणाची तरी उधारी होती.

याला छंद म्हणावं असं सुरुवातीला काही नव्हतं. बँकेच्या नोकरीत तीन वर्षं वाईला होतो. तिथे एका भांड्यांच्या दुकानात, लोकांनी मोडीत घातलेल्या फुटक्या तांब्या-पातेल्यांच्या ढिगात एक अडकित्ता पडलेला दिसला. मुठी पितळेच्या, एकीचं टोक पोपटाच्या चोचीसारखं वळलेलं, पातं पोलादी आणि गंजून चॉकलेटी झालेलं. दुकानदाराने तो तराजूत टाकला. पावणेदोनशे ग्रॅम. मोडीच्या भावात वर थोडे त्याच्या तोंडाकडे बघून घातले आणि पोपट घरी आला. मग त्याच्यामागून एक कोयरी आली, आंब्याच्या आकाराची, कुंकवाची, जिचं झाकण अजून टक्क बसतं. एक वज्री आली, टाचा घासायची, वर मोर आणि पोटात खुळखुळा. म्हणजे कुणी बाई न्हाणीघरात टाच घासायची तेव्हा तो मोर वाजत असणार. साखळीचं चुनाळं, शाईने आतून काळीठिक्कर पडलेली दौत, एक कुलूप ज्याची किल्ली नाही. हिने एक दिवस शोकेसपुढे उभं राहून विचारलं, "अहो, हे घर आहे की मोडीचं दुकान?" प्रश्न रास्त होता.

अशा वेळी पुण्यातला माणूस केळकर संग्रहालयाकडे बोट दाखवतो. मीही दाखवलं. दिनकर गंगाधर केळकर हे चष्म्यांचे व्यापारी, 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू गोळा करायला घेतल्या आणि पुढची सगळी हयात, पत्नी कमलाबाईंच्या साथीने, गावोगाव हिंडून त्यात घातली. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये २०,००० च्या वर वस्तू शासनाच्या स्वाधीन केल्या. त्यात तोफा-तलवारींपेक्षा घरातल्या हातांचा इतिहास जास्त आहे: दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या, दौती. तिथे गेलं की माझा पोपट फार एकटा वाटतो. संग्रहालयातल्या अडकित्त्याचं घर सुटलेलं असतं खरं, पण त्याला भाऊबंद मिळालेले असतात. शेजारच्याची मूठ बघून याची मूठ कळते. माझ्याकडे एकुलता एक अडकित्ता मखमलीवर ताणून, खोल चौकटीत बसवून, दिवाणखान्यात टांगलेला. तो धड सुपारी कातरत नाही, धड काही सांगत नाही. तरी टांगला. माणूस काय करणार, भिंत रिकामी होती.

वस्तूंकडून मी चित्रांकडे वळलो त्याला कारण आत्या.

आमचं मूळ घर संगमेश्वराकडचं. लग्नानंतर तीन वर्षांत आत्या परत आली ती त्या घरातच राहिली. माजघरात, कोठीच्या दारावर, रविवर्म्याची लक्ष्मी होती. कमळावर उभी, दोन हातांत कमळं, बाजूला सोंडेत माळ घेतलेला हत्ती. आजीने त्या चित्रावर जर आणि टिकल्या चिकटवल्या होत्या: पदराचे काठ, गळ्यातलं, कमरपट्टा. त्या काळी घरोघरी बायका हे करत. छापील चित्र एकसारखं हजार घरांत जायचं आणि मग प्रत्येक घरात ते वेगळं व्हायचं. टिकल्यांची जाडी सामावावी म्हणून चौकट खोल केलेली, काच आणि चित्र यांत बोटाच्या पेरापेक्षा जरा कमी अंतर. दर शुक्रवारी आत्या दिवा लावून झाला की एका डबीतून आधी मेणाचं बोट काचेला लावी, मग अनामिकेने कुंकू. मेणाची ती डबी तिच्या रुखवतातली होती.

लहानपणी मला एक कोडं पडलेलं असायचं. खालून बघितलं की लक्ष्मीचं कुंकू कपाळावर नसून पार भांगात गेलेलं दिसे. मी आत्याला सांगितलं की तू चुकीच्या ठिकाणी लावतेस. तिने मला काखेत धरून उचललं, स्वतःच्या खांद्याला खांदा लावून. कुंकू हळूहळू केसांतून खाली उतरलं आणि भुवयांच्या मधोमध येऊन बसलं. काच पुढे, चित्र मागे, आणि बघणाऱ्याचा डोळा खाली-वर झाला की काचेवरचा ठिपका चित्रावर सरकतो. एवढंच त्यात होतं. पण तेव्हा मला ती जादूच वाटली, आणि ती आत्याच्या उंचीवरूनच नीट दिसायची.

घराची कौलं उतरवून पत्रे घालायचं ठरलं तेव्हा आत्या फोनवर म्हणाली, "ती लक्ष्मी घेऊन जा बाबा. इथे वाळवी नाहीतर हे कामवाले, दोहोंपैकी कुणीतरी खाईलच." मी शालीत गुंडाळून ती पुण्याला आणली. घरी आल्यावर मोबाइलवर एक फोटो काढला, चुलत भावंडांना पाठवायला. आणि तिसऱ्या दिवशी ती फ्रेमवाल्याकडे नेली.

माणूस जुना आणि हाताचा पक्का. कोपरा असा जुळवतो की पट्टीवरची वेल न तुटता वळून जाते. मी म्हटलं, चौकट तीच राहू दे, सागवानी आहे. काच नवी टाका. आतून साफ करा, पाठ बदला. हे सगळं मीच म्हटलं, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

त्याने तिथेच चौकट पालथी घालून चुका उपसल्या. पाठीची फळी निघाली, तिच्याबरोबर मूठभर कसर आणि काळी माती. चित्राची खालची कड मागे दुमडलेली होती, चौकटीत बसवताना जुन्या कारागिराने ती कापली नव्हती, फक्त मुडपली होती. ती उलगडली आणि माझे डोळे विस्फारले. रोमन अक्षरांत बारीक छापलेलं: रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. पांढरी कड, अक्षरं, सगळं शाबूत. बाजारात अशा चित्रांपैकी बहुतेकांची कड फ्रेमवाल्यांच्या कात्रीने गेलेली असते, आणि कडेबरोबर त्याचा जन्मदाखलाही.

बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, यांनी रविवर्म्याला सुचवलं होतं की चित्रं युरोपात पाठवून छापून घ्यावीत, म्हणजे ती चार राजवाड्यांपुरती राहणार नाहीत. रविवर्म्याने त्यापुढे पाऊल टाकलं: १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात स्वतःचाच छापखाना काढला, जर्मन यंत्रं, जर्मन तंत्रज्ञ. पहिलं चित्र शकुंतलाजन्माचं, असं सांगतात. मग १८९६ पासून मुंबईत प्लेग पसरला, आणि काही वर्षांत छापखाना घाटावर मळवलीला आला, कार्ल्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी. धंदा काही रविवर्म्याला झेपला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी तो त्याच्याच जर्मन तंत्रज्ञाने, फ्रिट्झ श्लायखरने, विकत घेतला. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी लोणावळ्यात याच छापखान्यासाठी कामं करत. १९७२ मध्ये छापखान्याला आग लागली आणि सगळं संपलं. पुण्याहून लोणावळ्याची लोकल मळवलीला जेमतेम अर्धा मिनिट थांबते. ट्रेकवाली पोरं उतरतात. त्या अर्ध्या मिनिटात मला दर वेळी वाटतं की निम्म्या महाराष्ट्राच्या देवघरातली लक्ष्मी या स्टेशनावरून मालगाडीत चढली असणार.

हे सगळं त्या दुकानात उभ्या उभ्या माझ्या डोक्यातून चाललं होतं. मी भिंग काढून कड न्याहाळत होतो, कारागिराच्या पोऱ्यालाही दाखवत होतो. मागे काच बाजूला ठेवल्याचा आवाज आला, तोही ऐकला.

आठवड्याने आणायला गेलो. लक्ष्मी अशी दिसत होती की आजीनेही ओळखली नसती. जर तेज, काच जणू नाहीच. पैसे देता देता आठवलं म्हणून विचारलं, "जुनी काच?"

"ती भंगारात गेली साहेब. आधी ठेवून घ्यावी म्हटलं, चांगली जाड काच होती. पण मधोमध डाग होता, ब्लेडनेपण निघेना."

त्या डागावर मेणाचे साठ वर्षांचे थर होते. मी काही बोललो नाही. काय बोलणार? तो खोटं काहीच म्हणत नव्हता.

त्यानंतर मी फ्रेम करायची शास्त्रशुद्ध रीत शिकायला घेतली. पश्चात्तापाने माणूस अभ्यासू होतो. कुठलंही चित्र पुठ्ठ्याला सरसकट चिकटवायचं नाही, ते फक्त वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांनी टांगायचं, म्हणजे हवेत ओल आली की कागद फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, आणि दोन्ही वेळा त्याला हलायला जागा राहते. बिजागऱ्यांना गव्हाची खळ. पांढरा डिंक नाही, कारण खळ पाण्याने सुटते आणि डिंक कागदाचा पापुद्रा घेऊन सुटतो. पूर्वी पुस्तकं बांधणारे या खळीत मोरचूद घालत, कसर लागू नये म्हणून, पण चित्राला ते नको. चित्राच्या भोवतीचा माऊंट साध्या, लाकडाच्या लगद्याच्या पुठ्ठ्याचा असला की त्यातलं आम्ल वर्षानुवर्षं झिरपतं आणि चित्रावर माऊंटच्या आतल्या कडेनं तपकिरी रेघ उमटते, भाकरीच्या करपल्या कडेसारखी. ती परत जात नाही. आम्ल नसलेला पुठ्ठा महाग मिळतो आणि बहुतेक दुकानांत मिळतही नाही, मागितला की, "साहेब, चित्र दोनशेचं आणि पुठ्ठा चारशेचा?" असा सवाल येतो. आणि काच कागदाला टेकता कामा नये. फोटोंच्या बाबतीत तर मुळीच नाही. कोकणातल्या आमच्या घरात आजोबांचा फोटो चार पावसाळ्यांत काचेला असा चिकटला की अर्धे आजोबा काचेवर आणि अर्धे पुठ्ठ्यावर राहिले.

उजेडाचंही तसंच. वाण्याच्या दुकानात उन्हाच्या बाजूला लावलेली जुनी कॅलेंडरं कधी नीट बघा. आधी लाल उडतो, मग पिवळा, आणि शेवटी सगळे देव निळे होतात. शंकर काय, गणपती काय, सगळेच विष प्यायल्यासारखे.

खरं-खोटं ओळखायला मात्र एका भिंगावर भागतं. शिळाछापाचं तत्त्व साधं: तेल आणि पाणी मिसळत नाहीत. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने काढायचं, दगड ओला करायचा, तेलकट शाई फिरवायची. ती फक्त खडूला धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि प्रत्येक वेळी कागद त्याच जागी तंतोतंत पडला पाहिजे. जरा चुकलं की ओठांचा रंग ओठांच्या बाहेर जातो. मला असे चुकलेले देव जास्त आवडतात. एका सरस्वतीच्या हनुवटीवर तांबूस सावली पडली आहे, विडा रंगून ओघळल्यासारखी. भिंगाखाली हा रंग वाळूसारखा, वेडावाकडा, दाण्यादाण्यांचा दिसतो. हल्लीचा ऑफसेटवरचा पुनर्मुद्रित छाप भिंगाखाली कवायतीला उभ्या पोरांसारखा: सारखे ठिपके, सरळ ओळी. मग त्याला चहाचं पाणी मारून, कडा मेणबत्तीवर धरून, म्हातारा केलेलं असतं. मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर मला एकाने असा एक 'शंभर वर्षांपूर्वीचा' कृष्ण दाखवला. मी भिंग काढलं तसा तोच म्हणाला, "राहू दे शेठ, तुम्ही चहा घ्या." चहा चांगला होता.

पण या धंद्यात मला खरा राग येतो तो नकली मालाचा नव्हे. जुनी सचित्र पुस्तकं फोडून त्यांतली पानं सुटी विकतात त्याचा. एका पुस्तकाचे हजार रुपये येतात, चाळीस चित्रांचे चाळीस वेळा तीनशे. ज्या पानावर चित्र नाही ते भेळेला. माझ्या भिंतीवर अशा दोन खोदचित्रांच्या चौकटी आहेत, घेतल्या तेव्हा मला कळत नव्हतं म्हणतो, पण थोडं कळत होतं.

मोडी कागदांची तर सध्या फॅशन आहे. हॉटेलांत, फार्महाऊसांत, नव्या फ्लॅटच्या प्रवेशद्वाराशी. एका स्नेह्यांनी मला मोठ्या अभिमानाने त्यांचा 'पेशवेकालीन दस्त' दाखवला, सोनेरी पट्टीत, वर पिवळा दिवा. वरच्या कोपऱ्यात मुद्रांकावर व्हिक्टोरिया राणी होती. मी गप्प राहिलो. पुढे मोडी वाचणाऱ्या एका ओळखीच्यांना घेऊन गेलो, तर ते मान वाकडी करून म्हणाले, "आधी हा सुलटा करा." सुलटा केल्यावर निघालं ते म्हशीच्या वाटणीवरून दोन भावांचं भांडण. स्नेह्यांचा चेहरा पडला. मला विचाराल तर म्हैस पेशव्यांपेक्षा कमी नाही, आणि दस्त आता तरी वाचता येण्यासारखा लागलाय. कागद मात्र अजून कणखर. चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने केलेला जुन्नरी किंवा दौलताबादी कागद दोनशे वर्षांनी दुमडला तरी तुटत नाही. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकाचा कागद पापडासारखा मोडतो.

न्यू जर्सीचा पुतण्या मध्ये येऊन गेला. त्याला लक्ष्मी हवी होती, तिकडच्या घरासाठी. मी १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याकडे बोट दाखवलं: शंभर वर्षांवरची चीज देशाबाहेर नेता येत नाही. आमची लक्ष्मी नेमकी शंभरीच्या अलीकडे की पलीकडे हे ठरवून घ्यायला त्याच्याकडे वेळ नव्हता आणि ते ठरू नये अशी माझी इच्छा होती. तो वज्री घेऊन गेला, नवीन, तुळशीबागेतली. मोर तिलाही होता.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आत्या पुण्याला आली. हिने तिला मुद्दाम दिवाणखान्यात त्या भिंतीसमोर बसवलं. ऑपरेशनच्या आधी तिला सगळं धूसर दिसत होतं, म्हणून ती काही बोलली नाही. पट्टी निघाल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी, शुक्रवार होता की नाही आठवत नाही, मी कामावरून आलो तर ती चौकटीपुढे उभी. कमरेत पार वाकलेली. एक हात टेबलावर, आणि दुसऱ्या हाताची अनामिका काचेवर हळूहळू फिरत होती, अंधारात बटण शोधावं तशी.

"धुतलीस होय रे हिला," ती म्हणाली. "बरं केलंस. किती मळली होती."

तिने पदराने काचेवरचा बोटाचा ठसा पुसला आणि आत चहा टाकायला गेली. ती राहिली त्या महिन्याभरात मी दोनदा कुंकवाची कोयरी, ती आंब्याची, शोकेसमधून काढून टेबलावर ठेवली. तिने उचलून पाहिली, झाकण टक्क लावलं, "छान आहे" म्हणाली आणि परत जागेवर ठेवली.

गेल्या वर्षी आत्या गेली. दिवस झाल्यावर भावंडांच्या ग्रुपवर फोटो चालू झाले, तेव्हा मी माझा तो मोबाइलवरचा फोटो शोधून काढला, फ्रेमवाल्याकडे न्यायच्या आधीचा. मोठा करून बघितला. काचेवर कुंकवाची खपली आहे, फुगीर, कडेला मेणाने चमकणारी. पण ती गोल नाही. उभट आहे, गव्हाच्या दाण्यासारखी. वरचं टोक काळपट आणि जुनं, खालचं लाल आणि ओलसर. इतकी वर्षं मला तो ओघळ वाटला होता; उन्हाळ्यात मेण सुटतं, खाली येतं. आता तो पाहताना मला आत्या टेबलाला धरून उभी दिसली. ओघळ नव्हता तो. ती दर शुक्रवारी लक्ष्मीच्या बरोबर भुवयांच्या मधेच लावत होती, तिच्या डोळ्यांना दिसे तसं. डोळे दर वर्षी थोडे खाली येत होते. म्हणून काचेवरचं बोटही खाली येत होतं, केसाकेसाने, साठ वर्षं. पंचविशीतली ताठ आत्या वरच्या टोकाला होती आणि वाकलेली खालच्या.

संग्रहालयवाले प्रत्येक वस्तूच्या मागे चिठ्ठी लावतात: काय, कुठून, कधी, काय दुरुस्ती केली. मीही आता सगळ्या चौकटींना लावतो. शिसपेन्सिलने लिहायचं, शाई ओलीने पसरते. रविवारी दुपारी लक्ष्मी उतरवून टेबलावर पालथी घातली, खाली जुनी दुलई, आणि पाठीच्या कागदावर लिहायला बसलो. चित्र लक्ष्मीचं. रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा, खालची कड मागे मुडपलेली आहे, कापू नये. जर व टिकल्या आजीच्या हातच्या. चौकट मूळची. काच बदलली, माझ्या सांगण्यावरून. जुन्या काचेवर कपाळाच्या जागी कुंकू होतं, उभं, गव्हाएवढं, आत्याने लावलेलं. फोटो पाकिटात ठेवला आहे.

ही मागे उभी राहून वाचत होती. मला वाटलं आता किमतीचं विचारणार.

"नुसतं 'आत्या' काय?" ती म्हणाली. "उद्या कुणी उघडून वाचलं तर कुणाची आत्या म्हणायची? नाव लिहा की तिचं."

शेवटच्या ओळीत जागा उरली नव्हती. मी खोडरबर शोधायला उठलो.